फेस उतरेपर्यंत

गल्लीत त्यांना तोंडावर सगळे साहेब म्हणत आणि पाठ वळली की नापासकाका. हे नाव काही उगीच पडलेलं नव्हतं. उभी नोकरी त्यांनी एकच काम केलं होतं. गाडी चालवायचा परवाना मागायला येणाऱ्यांची परीक्षा घ्यायची. मैदानात खांब रोवलेले असत आणि त्यांच्यामधून गाडी उलटी घ्यावी लागे. खांबाला नुसता वारा लागला तरी काका मान हलवत. कुणी रडे, कुणी हात जोडे, कुणी आरसाच वाकडा होता म्हणून शपथा घेई. काकांचं उत्तर ठरलेलं असे. "खांब जागचा हलत नाही. चुकतो तो माणूस." अर्ध्या गावाने हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं होतं आणि उरलेल्या अर्ध्याने नापास झालेल्यांकडून. सख्ख्या मेहुण्यालाही त्यांनी सोडलं नव्हतं. तो बिचारा अजून बसने येतो आणि जेवताना मीठ हवं असलं तरी काकांना ओलांडून बहिणीकडे मागतो.

निवृत्तीनंतर लेकीने आणि जावयाने त्यांना गाडी घेऊन दिली. काळी कुळकुळीत, पुढे उभं राहून भांग पाडावा अशी. काकांनी तिला पोटच्या पोरीसारखं जपलं. खरं तर पोरीहून जास्तच, असं काकू म्हणायच्या. पोरीला निदान कधीमधी धपाटा तरी मिळायचा.

तर एका दुपारी गल्ली आडवी झालेली होती आणि काकू बहिणीकडे गेल्या होत्या. काका गाडी मागे घेत आवारात शिरले आणि कर्रर्र असा आवाज झाला. गेटचा खांब जागचा हलला नव्हता.

ते उतरले. मागच्या चाकाजवळ, खालच्या अंगाला, वीतभर ओरखडा उठला होता. ओरखड्याचं एवढं नव्हतं. त्यात गेटचा निळा रंग भरला होता, आगगाडीला सिग्नल दिसावा तसा लांबून दिसणारा. काकांनी नखाने खरवडलं, फडक्याने घासलं, रंग काही निघेना. आणि त्यांच्या कानात आत्तापासूनच हसणं ऐकू यायला लागलं. मेहुण्याचं तर सगळ्यात मोठं. नापासकाका खांबाला घासले, ही गंमत गल्लीने वर्षानुवर्षं पुरवून पुरवून खाल्ली असती.

मग माणूस काय करतो? बुटाच्या काळ्या पॉलिशची डबी काढतो. निळ्यावर पॉलिश चढलं, निळं गेलं, राहिला तो मुका ओरखडा. दुसऱ्या दिवशी काकांनी खांबांसकट गेट रंगवायला घेतलं. तपकिरी. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, कधीपासून मनात होतं.

ओरखडा काकूंना दिसलाच. त्यांनी विचारलं तेव्हा शेजारपाजारचे दोघेतिघे गेटपाशी उभे होते. काका म्हणाले, कुणीतरी घासून गेलं असेल, नवशिके लोक असतात हल्ली. आणि त्यांची नजर समोर गेली. नाव त्यांनी कुणाचंच घेतलं नाही, हे खरं. पण समोर उभी होती शिवणवाल्या मावशींची लाल स्कूटर. गल्लीत भिंतींना नुसते कान असतात, नजरेला मात्र जीभ असते.

या मावशी नवरा गेल्यावर शिवणावर घर चालवत. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, पडेल ते काम. गठ्ठे वाहून खांदा गेला तेव्हा केस पिकल्यावर त्या स्कूटर शिकल्या. सुरुवातीला अशा चालवायच्या की समोरून कुत्रं आलं तर त्याच उतरून वाट द्यायच्या. हळूहळू हात बसला. संध्याकाळी काम नसतानाही एक चक्कर मारून यायच्या, तोंडावर असं काही तेज घेऊन की लोक विचारायचे, मावशी, कुठे जाऊन आलात? तर म्हणायच्या, कुठे नाही, नुसती गेले होते.

ओरखड्याची गोष्ट कानावर गेली तशा त्या काकांच्या दारात आल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "साहेब, मला कळलंसुद्धा नाही हो. वळताना लागली असेल. माझा अजून अंदाज बसत नाही."

काकांना वाटलं होतं, त्या भांडतील. भांडल्या असत्या तर काका कदाचित कबूल झाले असते, कदाचित नसते. पण ती बाई चूक अंगावर घेऊनच आली होती. काका म्हणाले, असू द्या ताई, नवीन माणसाचं होतं असं. एक पैसासुद्धा घेतला नाही. गल्लीत वाहवा झाली. साहेबांचं मन मोठं बरं का, असं जो तो म्हणू लागला, आणि काका प्रत्येक वेळी हसून विषय बदलायचे.

स्कूटरवर मावशींनी जुना पडदा टाकला तो टाकलाच. पुन्हा गठ्ठे डोक्यावर आले. संध्याकाळची चक्कर बंद झाली. काका खिडकीत बसत नाहीसे झाले. दर आठवड्याला मात्र सगळे झोपलेले बघून त्या कोपऱ्यावर पॉलिशचा हात फिरवायचे, आणि गाडी कुणाला पुसूही द्यायचे नाहीत.

अशात जावई आला. अवजारांचा शौकीन माणूस. येताना दाबाने पाणी मारायचा पंप आणि फेसाची बंदूक घेऊन आला. बंदुकीला खाली शाम्पूची बाटली, वर नळी, घोडा दाबला की साबणाचा ढगच. जावयाने सकाळी चहाबरोबर जाहीर केलं की आज बाबांच्या गाडीला आंघोळ. काका म्हणाले, परवाच पुसली. जावई म्हणाला, पुसणं वेगळं, धुणं वेगळं. काकांनी पाणी कमी येतं सांगून पाहिलं, कंबर दुखते सांगून पाहिलं. तोवर गल्लीने खुर्च्या बाहेर काढल्या होत्या. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

बंदूक तरी आपल्या हातात असावी म्हणून काकांनी ती मागून घेतली. आधी साधं पाणी मारलं. पॉलिश तेलकट, ते पाण्याला दाद देईना. काकांच्या जिवात जीव आला. मग फेस. गाडी बघता बघता पांढरी झाली, कापसाची गादी उसवावी तशी. जावई म्हणाला, आता हात लावायचा नाही, फेस मुरू द्यायचा, मळ आपोआप सुटून खाली येतो. तेलकट डागसुद्धा सोडवतो हा शाम्पू.

काका मागच्या चाकाकडे बघत राहिले. फेस हळूहळू घसरू लागला, आणि त्या कोपऱ्यात पांढऱ्यातून एक काळा ओघळ उतरला.

काकांनी तिथे पुन्हा फेस मारला. जावई म्हणाला, पुरे झाला बाबा. काकांनी आणखी मारला. फेस उतरे, काका चढवत. खुर्चीवरून कुणीतरी म्हणालं, साहेबांना घोडा दाबायची चटक लागली. सगळे हसले. काकाही हसले असावेत, पण कपाळावरून ओघळत होता तो घाम होता. शेवटी बंदूक खरखरली आणि बाटली संपली. जावयाने पाण्याची नळी घेतली आणि वरून खाली एक फटकारा मारला.

निळं लख्ख उघडं पडलं.

"बाबा, इथे निळा रंग आहे की. ती स्कूटर निळी होती का?" जावई वाकून म्हणाला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत.

समोरच्या पडद्याखालून स्कूटरचं लाल मडगार्ड दिसत होतं. कुणाची तरी नजर तपकिरी गेटकडे गेली आणि तिथेच थबकली. मावशी डोक्यावर गठ्ठा घेऊन कामाला निघाल्या होत्या, त्याही थांबल्या. त्यांनी पुढे येऊन तो रंग पाहिला, विचार केला, आणि साहेबांवर काही येऊ नये अशा घाईने म्हणाल्या, "माझी पिशवी निळी होती ना हँडलला. तिचाच उतरला असेल."

भर चौकात कुणी मुस्काटात मारली असती तरी काकांना इतकं लागलं नसतं.

"पिशवीचा नाही," ते म्हणाले. आवाज मैदानावरचा राहिला नव्हता. "आमचं गेट निळं होतं. मीच घासली. उलटी घेताना."

मावशींनी गठ्ठा खाली ठेवला. "मी तुमच्या दारात आले होते. तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

"होतं."

त्यांनी गठ्ठा उचलला आणि त्या चालू लागल्या. शिव्या दिल्या असत्या तर काकांना धरायला काहीतरी मिळालं असतं. खुर्च्या एकेक करून आत गेल्या. ज्या हसण्याला काका इतके भ्यायले होते, ते हसणंही कुणाच्याने झालं नाही. जावई नळी गुंडाळत बसला, गुंडाळलेली उलगडून पुन्हा गुंडाळत. काका आत गेले तेव्हा काकू जागेवरून न उठता एवढंच म्हणाल्या, "अहो, नोकरी सुटल्यापासून तुम्ही बूट घातला नाही आणि डबीचा तळ दिसायला लागला. मी वाट बघत होते, कधी बोलता."

काकांनी तो निळा पट्टा काढला नाही. जावयाने ओळखीचा रंगारी सुचवला, तर म्हणाले, राहू दे. मेहुण्याला कळलं. तो मुद्दाम येऊन बघून गेला, आणि काय म्हणावं, त्या दिवशी त्याने मीठ काकांकडे मागितलं.

मावशींनी पडदा काढला तो पुष्कळ दिवसांनी. स्कूटर सुरू होईना, लाथा मारून पाय दुखला. काका गेटच्या आत उभे होते. मदतीला जावं तर कुठल्या तोंडाने? अखेर ती धूर सोडून सुरू झाली. मावशी निघून गेल्या आणि संध्याकाळी उशिरा आल्या. कुठे नाही, नुसत्या गेल्या होत्या.

त्यानंतर केव्हातरी काका गाडी मागे घेत होते. अर्ध्यात थांबले, उतरून खांब बघून आले, पुन्हा बसले, पुन्हा उतरले. मागून आवाज आला, "येऊ द्या."

आरशात मावशी उभ्या होत्या, एक हात वर, चेहऱ्यावर हसूही नाही नि रागही नाही. काकांनी आरशातून त्यांच्या हाताकडे पाहिलं, तोंडाकडे पाहायचं धाडस झालं नाही.

"येऊ द्या. अजून. डावीकडे घ्या, खांब आहे," मावशी म्हणाल्या. "बास."

काकांनी ब्रेक दाबला. उतरून आभार मानेपर्यंत त्या घरात गेल्याही होत्या. आत शिवणयंत्र सुरू झाल्याचा आवाज येत होता.