राखणदाराचं फाटक

तिकीट फाडणाऱ्या माणसांच्या सबंध जमातीत आमच्या मामेसासऱ्यांसारखा माणूस ब्रह्मदेवाने दुसरा घडवला नसेल. घडवलाच असेल तर तो आज स्वर्गाच्या दारात स्टूल टाकून बसला असेल आणि खुद्द इंद्राला बाहेर उभा करून, "तुमी खंयच्या वाड्यावयले?" म्हणून वाडा विचारत असेल. मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. डिचोली तालुक्यात, लाटंबार्शाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी त्यांचं गाव. तिथे एक बारमाही झर, म्हणजे झरा आहे, भोवती फणस-आंब्यांची दाट राई आहे, आणि राईच्या मधोमध शेंदूर फासलेला एक धोंडा आहे. तो धोंडा म्हणजे त्या जागेचा राखणदार. आमच्या गोव्यात ज्या जागेला राखणदार नाही ती जागा जागाच नव्हे. तो खांद्यावर कांबळं टाकून, हातात काठी घेऊन, पायात व्हाणा घालून शिवेवरून फिरतो आणि गावाला सांभाळतो, यावर आम्हा सगळ्यांचा विश्वास. ज्यांचा नाही तेही तिन्हीसांजेला राईतून एकटे जात नाहीत.

तर या राईला सरकारने एके वर्षी कुंपण घातलं, झरीला पायऱ्या बांधल्या, दोन झोपाळे टांगले आणि फाटकावर 'सार्वजनिक उद्यान' अशी पाटी लावली. गोवा नुकताच घटक राज्य झाला होता आणि सरकारला उद्यानं करण्याचा हुरूप आला होता. पाटी कुठल्या भाषेत असावी यावरून गावात दोन तट पडले. ते दिवसच तसे होते. कोकणीवाले आणि मराठीवाले एकाच बाकावर बसून एकमेकांचा चहा पीत, आणि चहा संपला की भांडत. शेवटी मामांनी निकाल दिला की पाटी कसलीही लावा, राखणदाराला सगळ्या भाषा कळतात आणि वाचता एकही येत नाही. फाटकावर बसायला गावातलाच माणूस हवा होता. दर वर्षी पेरणीच्या आधी राखणदारासमोर उभं राहून गावाच्या वतीने गाऱ्हाणं, म्हणजे देवाकडे मागणं, घालायचा मान पिढ्यान्‌पिढ्या मामांच्या घराण्याकडे. मामांनी सरळ हिशेब लावला की राखण आपल्या घराण्यात आहेच, आता तिला पगार सुरू झाला. खाकी सदरा आणि टोपी मिळाली त्या दिवशी त्यांनी ती आधी धोंड्यासमोर ठेवली आणि मग अंगात घातली.

मी पहिल्यांदा त्या फाटकावर गेलो तो लग्नानंतरच्या महिन्यात. पेडण्यातल्या आमच्या गावाहून निघून चोपड्याला फेरीबोट, म्हापशाहून डिचोलीची बस, तिथून तिसरी बस, असा घामाघूम होऊन नव्या बायकोसह पोचलो. नवा जावई म्हटल्यावर माणूस थोडा फुगलेला असतो, मीही होतो. मामांनी हसून स्वागत केलं, घरच्या माणसांची विचारपूस केली, आमच्या गावची मासळी यंदा कशी आहे ते विचारलं आणि मग शांतपणे दोन तिकिटं फाडून पुढे केली. मला वाटलं थट्टा आहे. मी हसलो. मामा हसले नाहीत. बायकोने कोपराने ढोसलं तेव्हा मी मुकाट्याने पैसे काढले. आत गेल्यावर त्याच माणसाने फणसाखाली माझ्यासाठी चटई घातली, घरून मामींनी दिलेला डबा उघडला, मी नको नको म्हणेपर्यंत वाढलं आणि माझे पाय दुखत असतील म्हणून गरम पाण्याची सोय केली. मी जरा घुश्शातच तिकिटाचा विषय काढला, तर म्हणाले, "जांवयबापू, घरात तुमी जांवय. फाटकात तुमी लोक."

गावच्या लोकांना मात्र तिकीट नव्हतं. तसा तोंडी ठराव पहिल्याच दिवशी झाला होता. पण आता परगावच्या मंडळींना अचानक त्या गावाबद्दल आपुलकी वाटू लागली. म्हापशाचे, साखळीचे, कोण कोण येऊन "आम्ही इथलेच" म्हणून ठोकून द्यायचे. मामा त्यांची परीक्षा घेत. देवळामागच्या घरातली म्हातारी कोणाशी बोलत नाही ते सांगा, वहाळावरचा साकव कोणाच्या म्हशीने मोडला ते सांगा, असे एकेक प्रश्न. एकदा पाळी गावच्या खाणीवरचा एक ट्रकवाला सगळ्या प्रश्नांची बरोबर उत्तरं देऊन बसला. मामांनी चकित होऊन अधिक चौकशी केली तेव्हा कळलं की तो गेले चार महिने गावातल्याच एका मुलीच्या नादाने त्या वाटेवर फिरतोय. मामांनी त्याला तिकीट लावलं, आणि संध्याकाळी मुलीच्या बापाच्या घरी जाऊन लग्न ठरवून आले. लग्न झाल्यावर त्याचं तिकीट माफ झालं.

फाटकाच्या आत, लागूनच मामांचं पत्र्याचं खोपट होतं, त्यात दोन खुर्च्या असत. एक मामांची, दुसरी राखणदाराची. दुपारच्या वेळी तो फिरून दमला तर टेकेल म्हणून ती रिकामी. तिच्यावर बसू गेलेल्या किती तरी माणसांना मामांनी दंडाला धरून उठवलेलं मी पाहिलंय. उद्यानात दारूला बंदी होती. सापडलेल्या बाटलीतलं बूचभर मामा धोंड्यापुढे ओतत आणि उरलेलं फणसाच्या मुळात. त्या फणसाचे गरे इतके गोड का लागतात यावर गावात एकच मत होतं, पण ते मामांसमोर कोणी बोलत नसे. कोणी रेडिओ मोठ्याने लावला की मामा काठी टेकत जाऊन सांगत, हळू लावा, तो निजलाय. कोण निजलाय ते सांगत नसत. पर्यटक बिचारे मागे वळून बघत आणि रेडिओ बंदच करून टाकत.

पासांचं तर विचारू नका. पणजीहून सही-शिक्क्याचा फुकट पास घेऊन कोणी आलं की मामांच्या अंगात यायचं. एकदा कोणा बड्या माणसाचा भाचा अख्खी मोटार भरून आला आणि त्याने खिडकीतूनच पास नाचवला. मामांनी तो घेतला, उजेडात धरला, उलटा करून पाहिला आणि म्हणाले, "सायबाची सही बरी आसा. पूण सायब खंय आसा?" साहेब पणजीत आहे म्हटल्यावर त्यांनी पास परत दिला. साहेब आत आला तर त्याला तिकीट नाही, सहीला मात्र पाय नाहीत, ती आत कशी जाणार, असं त्यांचं म्हणणं. भाचा तिकीट काढून आत गेला. जाताना त्याने मामांचं नाव विचारून घेतलं.

ते नाव पणजीत कुठे पोचलं कोणास ठाऊक, पण पुढल्याच वर्षी खात्यात नवे साहेब आले आणि हुकूम निघाला की यापुढे उद्यानात विनातिकीट कोणीही जायचं नाही, गावकरीसुद्धा नाहीत, कुठल्याही दिवशी नाहीत. पेरणी तोंडावर आली होती. गाऱ्हाण्याचा दिवस ठरला होता. त्याच दिवशी साहेब स्वतः तपासणीला येणार असंही कळलं. गावात आग लागल्यासारखं झालं. आपल्याच राखणदारासमोर तिकीट काढून उभं राहायचं म्हणजे बापाला भेटायला पैसे मोजायचे, आणि गाऱ्हाणं झाल्याशिवाय तर नांगर धरायची सोय नाही. इकडे मामांची पेन्शन जवळ आलेली. फाटक उघडलं तर नोकरी जाणार, नाही उघडलं तर गाव आणि राखणदार दोन्ही जाणार. मामींनी मला निरोप धाडून बोलावून घेतलं. मी गेलो तेव्हा मामा पेजेच्या वाटीसमोर नुसते बसले होते. पेज कधीच निवून गेली होती आणि मला फार वाईट वाटलं.

मी आपली शहाणपणाची गोष्ट सांगितली की एका दिवसाचा तर प्रश्न, आपण सगळ्या गावाची तिकिटं काढून टाकू, मी माझ्या खिशातून देतो. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता ताटावरून उठवतात की काय. मग म्हणाले, "आयज तिकीट काडलां, म्हणजे फाल्यां आमी पाहुणे जालंव. आपल्याच राईत पाहुणे." एवढं बोलून त्यांनी वाटी बाजूला सारली. मग त्यांनी एकच विचारलं, नवे साहेब मूळचे कुठचे? मी चौकशी करून आलोच होतो. साहेब पेडण्याकडचे, आमच्याच तालुक्यातले, लहानपण सगळं गावात गेलेलं. मामांनी वाटी जवळ ओढली आणि पेज जेवले.

गाऱ्हाण्याच्या दिवशी सकाळी ढोल वाजवत गाव फाटकाशी आला. टोपलीत रोट, म्हणजे राखणदाराला चढवायच्या जाड भाकऱ्या, वर केळीचं पान झाकलेलं. फाटक बंद. आत मामा खाकी टोपी घालून, तिकिटांचं पुस्तक हातात धरून ताठ उभे. साहेब आधीच आले होते आणि नेमके त्या दुसऱ्या खुर्चीवर बसले होते. गावाने ते पाहिलं आणि ढोल आपोआप थांबला. मामांनी त्यांना दंडाला धरून उठवलं नाही. त्यांनी अदबीने साहेबांकडे थोड्या वेळाची रजा मागितली, तिकिटांचं पुस्तक त्यांच्या हातात दिलं, टोपी काढून खुंटीला लावली आणि फाटकातून बाहेर येऊन गावाच्या पुढे उभे राहिले. साहेबांना काय चाललंय ते कळेना. मामांनी खांद्यावर पंचा टाकला, हात जोडले, तोंड राईकडे केलं. मध्ये साहेब. आणि मामांनी गाऱ्हाणं सुरू केलं.

"ह्या जाग्याच्या राखणदारा म्हाराजा! आज तुझी लेकरां तुझ्या पायांकडे येवक भायर सरली असत, तेंका सांबाळून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजला. गाऱ्हाण्याची रीतच ती. एकाने मागायचं, सगळ्यांनी व्हय म्हणायचं. साहेब खुर्चीवरून उठले. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी पायातले बूट काढले.

"जो कोण पणजेचो, खुर्चेर बसललो, जाणता-अजाणता चुकलो आसात, तेका पदरात घे रे म्हाराजा! तेच्या पोराबाळांक सुखी ठेव, तेका बढती दी, बऱ्या गावात बदली दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या खेपेला साहेबांचे ओठ हललेले मी पाहिले. त्यांचे हात केव्हाच जोडले गेले होते, पुस्तक काखेत होतं.

"आणि ह्या फाटकात गावच्या पोराक, म्हाताऱ्याक, म्हायेरा इल्लेल्या चेडवाक कोणी आडवो हात घालूक नये, तिकीट मागूक नये, असां तेच्याच तोंडान वदव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज साहेबांचा होता.

पेडणे तालुक्यातल्या मुलाला ही खोड आईच्या दुधाबरोबर लागते. हात जोडून कोणी 'रे म्हाराजा' म्हटलं की बाकीचं आपोआप तोंडातून निघतं, काय मागितलं ते नंतर कळतं. साहेबांनाही नंतरच कळलं. ते आपल्या जोडलेल्या हातांकडे बघत राहिले. मामा आत गेले, टोपी घातली, पुस्तक परत घेतलं आणि विचारलं, साहेब, हुकूम काय? साहेबांनी एकदा राईकडे पाहिलं, एकदा सगळ्या गावाकडे. "म्हाका कित्याक विचारता?" ते म्हणाले. "हांवें व्हय म्हटलां न्हय?" मामांनी फाटक उघडलं. साहेब अनवाणीच आमच्याबरोबर धोंड्यापर्यंत चालत आले आणि पानावर रोट जेवूनच पणजीला गेले. पुढच्या महिन्यात गावकऱ्यांना वगळणारा नवा हुकूम आला. मामा त्याबद्दल कधी बढाई मारत नसत. फार खोदून विचारलं तर, ते राखणदाराने केलं, आपण फक्त साहेबाचं गाव विचारलं, एवढंच सांगत. आणि हो, साहेबांना बढती खरोखरच मिळाली, बदली मात्र कुठे झाली ते ठाऊक नाही.

मामा पेन्शनीत गेले आणि थोड्याच वर्षांत त्यांना अर्धांगाचा झटका आला. आयुष्यभर बोललेल्या माणसाची वाचाच गेली. मामींना मुलगा नाही. गाऱ्हाणं दुसऱ्या घराकडे द्यावं असं कोणी तरी सुचवलं, पण गाव म्हणाला, ते आहेत तोवर तेच. पेरणीच्या आधी आम्ही त्यांना उचलून फाटकातून आत नेलं आणि धोंड्यासमोर बसवलं. उजवा हात उठत नव्हता, तो मी धरून डाव्या हाताला लावला. मामांचे ओठ हलू लागले. आवाज नाही. श्वास घ्यायला ते थांबले तेव्हा मागून गाव म्हणाला, "व्हय म्हाराजा!" पुन्हा ओठ हलले, पुन्हा थांबले, पुन्हा व्हय. कितीतरी वेळ ते मागत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

त्या पावसाळ्यातच मामा गेले. त्या दिवशी त्यांनी राखणदाराकडे काय मागितलं ते आजवर कोणाला कळलेलं नाही. आम्ही मात्र सगळ्यालाच व्हय म्हणून बसलो आहोत.