मिरजेतला कोरा तंबू

मंडळी, आज मिरजेत महायुद्धानंतर विकायला काढलेला लष्करी तंबू बघायला गेलो होतो. लिलावात घेतलेली जीप काढून मेढ्याच्या डोंगरात चार दिवस राहायचंय.

दुकानदार म्हणाला, "कोरा हाय. एकदाबी उभा केला न्हाई." तंबू उभारून त्यानं वरून घागरभर पाणी ओतलं. आत थेंब नाही! पण लगेच म्हणाला, "आतनं हात लावू नगा."

का बरं? मी मुद्दाम बोट लावलं, तर तिथंच गळायला लागलं. त्याला तोंडावर लबाड म्हणून परत आलो.

घरी फौजेतनं आलेला दादा हसला. "येड्या, ओल्या कापडाला हात लावला की कुठलाबी तंबू गळतोय. त्यो खरं बोलला."

उद्या माफी मागायला जाणारच. पण मला सांगा, कधीच न उभारलेल्या तंबूच्या खुंट्या पोत्यातून निघाल्या, तेव्हाच त्यांना वाळलेली माती कशी होती?