चाळीस हात खाली

खर्ड्याचा गहिनीनाथ वीस वर्षं विहिरी खोदत आला होता. चाळीस हात खाली उतरताना तो कधी कचरला नव्हता. १९४३ च्या उन्हाळ्यात, भर दुपारी, तो एका विहिरीच्या तळाशी एकटाच पहार मारत होता. एकाएकी पायाखालून गडगडत काहीतरी गेलं, तळातलं पाणी हिंदकळलं आणि भिंतीतले दगड सुटून आजूबाजूला आदळू लागले. तो एका कपारीत अंग चोरून बसला.

वरून त्याची बायको मुक्ताबाई ओरडली, "अवो, दोर धरा! जमीन हालतीया!"

"हातात बळच न्हाई गं!"

"मग कमरंला बांधा. आमी वढतो!"

त्यानं कशीबशी गाठ मारली. मुक्ताबाईनं आणि माती वाहणाऱ्या दोघी बायांनी त्याला वर ओढलं. धरणी कधीच शांत झाली होती, तरी उभं राहायला त्याचा धीर होईना. गुडघ्यांवर रांगतच तो बांधापर्यंत गेला.

त्यानंतर तो विहिरीत उतरला नाही. बांध घालायची कामं करू लागला. पण काम करता करता मधेच थबकायचा आणि विचारायचा, "हाललं का गं?"

मुक्ताबाई कधी हसली नाही. खाली वाकून मातीवर तळवा टेकवायची, क्षणभर थांबायची आणि मगच म्हणायची, "न्हाई."