लोडचाचा

लोडचाचा कुणाच्याही नव्या घरात शिरले की पिशवीतून पक्कड काढण्याआधी घरातल्या प्रत्येकाची उलटतपासणी घेत. सिमेंटच्या पोत्यावर बसायचे आणि विचारायचे, "काय काय चालवणार? आजचं न्हाई, पुढचं सांगा." मालक, मालकीण, कानानं कमी ऐकणारी आजी, कुणालाच सोडायचे नाहीत. आमच्या विंझरमधले लोक म्हणत, चाचा वायर टाकायला आलेत की स्थळ बघायला?

'लोड किती, लोड किती' असं सारखं विचारत, म्हणून लोडचाचा; त्यांचं खरं नाव फार कमी जणांना ठाऊक होतं. राहायला भोरला. तिथून कापूरहोळला उतरून, मिळेल त्या टेम्पोनं खांद्यावर वायरचं भेंडोळं घेऊन यायचे. सकाळी येतो म्हणाले की आम्ही दुपार धरायचो.

"वायर घरच्या माणसांवर धरायची न्हाई, पाव्हण्यांवर धरायची," हा त्यांचा नियम. एरवी दोन दिवे आणि एका पंख्यावर भागणाऱ्या घरात हळदीच्या दिवशी मंडपाचे दिवे, पाण्याची मोटार आणि मोठाले स्पीकर एकदम लागतात, आणि जळायची ती वायर नेमकी त्याच दिवशी जळते. या नियमापायी ते कधीकधी फसतही. हिर्डोशीला एका घरात त्यांनी अख्ख्या जत्रेचा हिशेब धरून इतकी जाड वायर आणली, की ती भिंतीतल्या पाईपात जाईचना. पाईप उकरून बदलावे लागले. ही गोष्ट ते स्वतःच हसत सांगत.

पेटीच्या बाबतीत मात्र ते कुणाचं ऐकत नसत. मीटरनंतरची, स्विच बसवायची पेटी लहान आणि दिसायला छान हवी, असा बहुतेकांचा आग्रह असे. चाचा आत हात घालून बघत. मूठ फिरली नाही तर ती पेटी परत. त्यांच्या पेटीत कोंबडी खुडूक बसेल, असं लोक म्हणायचे. "बसू द्या," चाचा म्हणत, "दाटीत वायर तापती, आन माणूसबी."

आमच्या घराचं काम गिलाव्यापर्यंत आलं तेव्हा मी घरीच होते. सुट्टीवर आलेय असं सगळ्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात पुण्यातली नोकरी मी सोडून आले होते. मला इथंच राहून नाचणीची बिस्किटं करायची होती, विकायची होती. वर्षभर सुट्टीच्या दिवशी मी ते शिकत होते. पण मुलीनं गावात चुलीशी बसू नये, म्हणून पप्पांनी मला लहानपणीच पुण्याला इंग्रजी शाळेत घातलं होतं. त्यांच्यापुढे हे कसं सांगायचं ते सुचत नव्हतं. मला तशीही बोलायची सवय कमी.

चाचा पोत्यावर बसले. पप्पांनी फ्रीज, गीझर, मोटार, पंखे असं सगळं सांगितलं. आईनं हळूच पीठ दळायची घरघंटी सांगितली, ती पप्पांनाही नवीन होती. मग चाचा माझ्याकडे वळले. "आन तू गं, पोरी?"

"ती कुठं इथं राहणार," पप्पा म्हणाले. "मोबाईल चार्ज करील फार तर."

"तुमाला न्हाई इचारलं, दादा."

आणि ते थांबून राहिले. हातातला चहा निवला तरी थांबले. एकदा गिलावा झाला की भिंत फोडल्याशिवाय काही वाढवता येत नाही, हे त्यांनी मघाशीच सांगितलं होतं.

"ओव्हन," मी म्हणाले.

"केवढा?"

"मोठा. बेकरीत असतो तसा."

"सणावाराला का रोज?"

त्यांना हे कळायलाच हवं होतं. अधूनमधून चालणाऱ्या यंत्राची वायर वेगळी आणि तासन्‌तास चालणाऱ्याची वेगळी. पण माझ्या बाकीच्या सगळ्या न सांगितलेल्या गोष्टी त्या एका प्रश्नात येत होत्या.

"रोज," मी म्हणाले.

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. चप्पल घातली आणि बाहेर गेले. "रोज म्हंजे सहा एमएमची जाड वायर. येगळी लाईन. पेटीबी मोठी," एवढं बोलून चाचा भिंतीवर खडूनं रेघा मारायला लागले. आई माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

पप्पा संध्याकाळी परतले. चाचा सामान आवरत होते. पप्पा त्यांच्याशीच बोलले, पण मला ऐकू जाईल असं. "ओव्हन त्या कोपऱ्यात नको. धग कोंडंल. मागच्या भिंतीला खिडकी काढतो, तिच्याजवळ लाईन घ्या."

चाचांनी दुपारची रेघ हातानं पुसली आणि नवी मारली. मला एकदम सडकून भूक लागली. सकाळपासून मी काही खाल्लंच नव्हतं.

आता चाचांचे गुडघे गेलेत, शिडी सुटली. परवा मी भोरला त्यांच्या घरी बिस्किटं घेऊन गेले. धंदा कसा चाललाय, वायर कशी आहे, यातलं काहीच त्यांनी विचारलं नाही.

"पप्पा खातात का?" म्हणाले.

"खातात. पण गोड कमी आहे म्हणतात."

"नावं ठिवतात न्हवं, मग बरं हाय," चाचा म्हणाले आणि एक बिस्कीट त्यांनी चहात बुडवलं.