दारातला पाय

बस सूर्यमाळच्या फाट्यावर थांबली, दार उघडलं आणि मंगलबरोबर येणारी जनी एकटीच वर चढली. मंगल त्या दिवशी कामावर हजर होणार होती. कावीळ उतरली, सोमवारी येते, असं तिनं मला फोनवर सांगितलं होतं. मी जनीच्या मागे रस्त्यावर बघितलं, कुणी नव्हतं. "ताई, मंगल वारली," जनी म्हणाली. "काल एकदम जास्त झालं. जव्हारहून नाशिकला नेत होतो… मोखाडा सुटला आणि…" आमचे ड्रायव्हर हरिभाऊ यांनी इंजिन बंद केलं. मी घड्याळ बघितलं आणि म्हटलं, "चला हरिभाऊ, गेटला उशीर होईल." काही बायकांना ते लागलं, मला माहीत आहे. पण उशीर झाला असता, तर तो कुणाच्या नावावर टाकायचा हा प्रश्न उभा राहिला असता. इतके दिवस त्याला एकच नाव होतं, आणि ते आता नव्हतं.

आमची कंपनी घाटाखाली आहे. मोठी आहे, तिथे औषधाच्या गोळ्यांचं पॅकिंग होतं. मी मोखाड्याची, पॅकिंगलाच लागले आणि पुढे सुपरवायझर झाले. मंगल सूर्यमाळच्या एका पाड्यावरची, माझ्या लाइनवर, पण कंत्राटी. बसमध्ये ती मला ताई म्हणायची आणि गेटच्या आत मॅडम, तेही मुद्दाम लांबवून. "मॅडम, बाथरूमला जाऊ का, का उद्या जाऊ?" लाइनवर सगळ्यांसमोर विचारायची. आधी नवऱ्याबरोबर वीटभट्ट्यांवर राबली होती, त्यामुळे कंपनीत काय चांगलं आहे हे तिला कुणी सांगायला नको होतं. पगार खात्यात येतो, मुकादमाच्या दारात बसावं लागत नाही. संडासाला आतून कडी आहे. आणि कँटीनची चपाती. "दुसऱ्या कुणी लाटलेली हाय ना, म्हणून गोड लागते," असं म्हणून ती एकेक घास इतका सावकाश खायची की मला जाऊन उठवावं लागे. आवडत नसे तेही ती तेवढ्याच मोठ्यानं सांगायची. काचेच्या बांगड्या काढून ठेवायच्या, लाइनवर बोलायचं नाही, आणि आमच्या हॉलला खिडकी नाही. "बाहेर ऊन हाय का पाऊस, ते सुटल्यावर कळतं. ढोरांना बी गोठ्यात कळतं, ताई."

तिचं आणि माझं वाजायचं ते बसवरून. बस मोखाड्याहून निघते, सूर्यमाळच्या फाट्यावर थांबते आणि खोडाळ्यावरून घाट उतरते. गेटवर कार्ड उशिरा लागलं की अर्धा दिवस कापला जातो. फाट्यावर येणाऱ्या काही मुली वरच्या पाड्यांवरून चालत येतात, मध्ये ओहोळ आहे. रात्री पाऊस झाला की ओहोळ भरतो आणि त्यांना वरच्या अंगानं वळसा घालून यावं लागतं. अशा दिवशी मंगल एक पाय बसच्या पायरीवर आणि एक रस्त्यावर ठेवून उभी राहायची. दार मिटत नसे. हरिभाऊ ओरडायचे, "मंगलबाई, आत या नाहीतर खाली उतरा. दोन्हीकडं काय?" ती डोंगराकडे बघत म्हणायची, "येतात, येतात, चपला दिसल्या." काही दिसलेलं नसायचं. मागून मोखाड्याची सुरेखा करवादायची, "तुझ्या पोरींपायी आमचा अर्धा दिवस का गं?" सुरेखाचं चूक नव्हतं. मीही तिच्याच बाजूनं बोलायचे. दाराशी मी बसत असल्यानं मंगलची ओली चप्पल आणि दाराची रबरी पट्टी यांची रोजची झटापट माझ्या पायाशी चालायची.

मागच्या वर्षी पावसाळ्यात उशीर वाढले आणि कंपनीनं सांगितलं, पुढच्या सोमवारपासून सूर्यमाळचा थांबा बंद, तिकडच्यांनी खोडाळ्याला येऊन बस पकडावी. मुलींना ते जमणार नव्हतं, म्हणजे नोकऱ्या गेल्याच. त्याच आठवड्यात मुंबईहून मोठे साहेब आले. कँटीनमधली टेबलं बाजूला करून सगळ्यांना बसवलं. मोकळेपणानं सांगा, कंपनीत काय आवडतं, काय आवडत नाही, असं ते विचारणार, हे आम्हा सुपरवायझरना आधीच कळवलं होतं. मी माझ्या लाइनला सांगून ठेवलं होतं की सगळं चांगलं आहे म्हणा आणि बसा. मंगलला वेगळं बोलावून सांगितलं, कारण महिनाभरात तिला कायम करण्याचं ठरत होतं. "तू तोंड उघडू नकोस. महिनाभर कळ काढ. ऑर्डर हातात पडली की काय ते बोल." तिनं मान हलवली. मला वाटलं, पटलं.

पुढच्या रांगेतल्या बायका पंखे, कँटीन, पगार असं म्हणून बसल्या. साहेब उठायच्या बेतात होते, तेवढ्यात ती उभी राहिली. "आवडतं ते सांगू आधी? बस आवडते." लोक हसले, साहेबही हसले. "आणि आवडत नाही ते?" "तीच." हसणं थांबलं. मी तिच्याकडे बघत होते, ती माझ्याकडे बघत नव्हती. तिनं ओहोळाचं सांगितलं, वळशाचं सांगितलं. साहेब म्हणाले, "मग मुलींनी घरून लवकर निघावं." "निघतात, सायेब. पण कधी कधी बसच उशिरा येते, तेव्हा आम्ही रस्त्यात थांबतो. तेव्हा बसचा अर्धा दिवस कोण कापतं?" साहेबांनी विचारलं, "नाव काय तुमचं?" ते ज्या आवाजात विचारलं, तो आवाज आम्हाला सगळ्यांना ओळखीचा आहे. जनीनं तिचा पदर खाली ओढला. ती बसली नाही. तिनं नाव सांगितलं, पाड्याचं नाव सांगितलं आणि म्हणाली, "दारात पाय माझा असतो, पोरींचा नाय. कापायचं तर माझं कापा, पण थांबा बंद करू नका."

साहेबांनी तिचा शब्द धरला. थांबा राहिला. पण बस तिच्यामुळे अडली तर उशीर फक्त मंगलच्या नावावर लागेल, बाकीच्यांना माफ, असं ठरलं. बसच बिघडली तर कुणालाच नाही. महिन्यानं कायम होणाऱ्यांची यादी लागली, तीत मात्र ती नव्हती. त्या संध्याकाळी बसमध्ये मी तिच्याशी बोलले नाही. घाट चढल्यावर तिनंच सुरुवात केली. "अर्ध्या दिवसाच्या पगारात इतक्या पोरी वाचल्या, ताई. भट्टीवर याहून महाग पडायच्या." मी म्हटलं, "तुला अक्कल नाही." ती म्हणाली, "नाय. पण बस थांबते ना?"

आता लोक तिच्या धाडसाबद्दल बोलतात. मला अजूनही वाटतं की तिनं थांबायला हवं होतं. ती कायम झाली असती तर आज तिच्या नवऱ्याला आणि मुलीला कंपनीकडून काहीतरी मिळालं असतं. कंत्राटी माणसाच्या घरी कुणी काही पाठवत नाही. मी ऑफिसमध्ये जाऊन विचारलं, दोनदा विचारलं. नियम दाखवला गेला. आणि हेही खरं की महिनाभर ती गप्प राहिली असती तर थांबा त्याच सोमवारी बंद झाला असता. या दोन गोष्टी मी अनेकदा शेजारी ठेवून बघितल्या आहेत… त्या जुळत नाहीत.

ती गेल्यावर काही दिवस जोराचा पाऊस नव्हता, बस वेळेवर जात होती. मग एका सकाळी फाट्यावर थांबलो तर वरून पाणी वाहत रस्त्यावर आलं होतं आणि जनी एकटीच उभी. "पोरी वळशानं येतात," ती म्हणाली आणि चढली. पायरी मोकळी झाली. हरिभाऊंचा हात दाराच्या बटणावर होता. सुरेखा मागून काहीतरी म्हणेल म्हणून मी वाट बघितली. ती खिडकीबाहेर बघत होती. माझंही घड्याळाकडे बघून झालं होतं. हरिभाऊंनी हात काढला, इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "टायर बघून येतो." छत्री न घेताच उतरले. पुढचा टायर लाथेनं तपासला, मग मागचा, मग पलीकडचा. मुली चिखलानं भरून धावत आल्या, तोवर ते भिजत टायरच बघत होते.

गेटवर पहारेकऱ्यानं सवयीनं पेन काढलं. "आज कुणाच्या नावावर, मॅडम?" "गाडीच्या," हरिभाऊ म्हणाले. "टायर." पहारेकरी वाकून टायर बघायला लागला. टायरांना काहीच झालेलं नव्हतं. "मीही पाहिलंय," मी म्हटलं, "लिहा." त्यानं लिहिलं. रोज टायर चालणार नाही, हे हरिभाऊंना कळतं आणि मलाही. पुढच्या वेळी काय, ते सुरेखानं आणि मी अजून ठरवलेलं नाही. पण परवा ती आपणहून पुढे येऊन दाराशी माझ्या शेजारी बसली.

दाराची रबरी पट्टी खाली एका जागी दबून फाटली आहे, चपलेएवढी. दार पूर्ण मिटलं तरी तिथून घाटात पाणी आत उडतं. हरिभाऊंना मी पट्टी बदलायला सांगितलं आहे. ते हो म्हणतात. मी आणि सुरेखा पाय वर घेऊन बसतो.