तिच्या फॉर्मवरची पहिली चौकट

कावासाकीत असताना आमच्या घरात कामाची एक वाटणी न बोलताच ठरून गेली होती. जपानी कागद आला की तो माझा. मग तो वॉर्ड ऑफिसचा असो, गॅसवाल्याचा असो, नाहीतर कुठला कचरा कुठल्या वारी टाकायचा त्याचा तक्ता असो. मी पुण्याहून कंत्राटावर आलेला सॉफ्टवेअरवाला. कंपनीने मला सहा महिने जपानी शिकवलेलं. बायको माझ्या व्हिसाला जोडून आलेली. त्यामुळे फॉर्म मी भरायचा आणि मी बोट ठेवीन तिथे तिने सही करायची. नव्वदच्या दशकातली गोष्ट. यात काही वावगं आहे असं तेव्हा वाटलं नाही. मला तर मुळीच नाही, कारण मला त्याची मिजास होती.

तिला स्कीइंगचा नाद लागला तो आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंमुळे. साठीच्या, शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेल्या. बायको त्यांना सेन्सेई म्हणायची. मी ऑफिसात असताना, मधल्या वारी, त्या हिला बसने बर्फात घेऊन जायच्या. असे तीन हिवाळे गेले. मी रविवारी कधीतरी बरोबर जायचो, चारदा आपटायचो आणि सोमवारी ऑफिसात स्कीइंगवर व्याख्यान झोडायचो. ती माझ्यापुढे सुसाट निघून जायची आणि खाली थांबायची. मी धडपडत पोचलो की म्हणायची, "आज बर्फच वाईट आहे, नाही का हो?" इतकं सांभाळून घ्यायची. आणि मला गाढवाला ते खरं वाटायचं!

तिसऱ्या वर्षी माझं कंत्राट संपत आलं. मे महिन्यात परत जायचं ठरलं. तेव्हा सेन्सेई हिला म्हणाल्या, एप्रिलमध्ये एकदा खऱ्या डोंगरावर चल. तिथे लिफ्ट नाही की दुकान नाही. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवून चालत चढायचं, माथ्यावर पट्ट्या काढायच्या आणि कोऱ्या बर्फातून खाली यायचं. त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नव्हता. "एकदा फक्त वरून उतरायचंय मला," ती म्हणायची, "मग खुशाल पुण्याला जाऊ." या तीन वर्षांत तिने स्वतःसाठी मागितलेली ही एकच गोष्ट.

चढायच्या स्कीला वेगळी बाइंडिंग लागतात. बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारा सांधा. चढताना टाच मोकळी सोडतो, उतरताना ती पकडतो. दुकानदार म्हाताऱ्याने काउंटरवर दोन जोड्या ठेवल्या. एक जाडजूड, बुटाखाली अख्खी पट्टी असलेली, पाऊल उचललं की तीही उचलायची. दुसरी म्हणजे पुढे दोन खिळे, मागे दोन खिळे, संपलं! तळहातावर मावली.

बायकोने जड जोडी हातात घेतली. "हीच बरी वाटते हो मला. सवयीच्यासारखी आहे."

"झेपणार आहे का तुला? चार तास चढायचंय," मी म्हणालो. आणि तिच्या हातातून ती काढून ठेवली.

हलकी घ्या, चांगली आहेत, म्हातारा म्हणाला. पण त्यांचा स्क्रू माणूस बघून नीट लावावा लागतो. त्याने फॉर्म पुढे केले. वजन, उंची, बुटाचं माप आणि खाली तीन चौकटी: नवशिका, मध्यम, तरबेज. नवशिक्याचा स्क्रू सैल ठेवतात, म्हणजे पडला की पाय लगेच सुटतो आणि हाड वाचतं. तरबेज माणूस जोरात वळतो, त्याचा घट्ट ठेवतात, नाहीतर ऐन वळणावर बूट निसटून तो तोंडघशी पडायचा. इतकं सोपं. शाळेतल्या पोरालाही कळेल.

मी माझ्या फॉर्मवर तिसऱ्या चौकटीत खूण केली. तिच्या फॉर्मवर पहिल्या. तिला विचारलंसुद्धा नाही. ती शेजारी हातमोजे चाचपत उभी होती. "ओकुसान आत्ताच शिकतायत का?" म्हाताऱ्याने तिच्याबद्दल मला विचारलं, आणि मी वाकून "हाय, हाय", म्हणजे हो, हो, म्हणालो. तिने मी दाखवलेल्या जागी सही केली.

चढण सुंदर झाली. हलक्या बाइंडिंगचं मी वाटभर इतकं कौतुक केलं की सेन्सेई हसायला लागल्या. माथ्यावर ती काही वेळ नुसती उभी राहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "जाऊ?"

तिसऱ्याच वळणावर तिची उजवी स्की सुटली. ती उठली, बर्फ झटकला, बूट परत अडकवला. पुढे पन्नास पावलांवर पुन्हा तेच. "माझंच चुकतंय काहीतरी," ती म्हणाली.

सेन्सेईंनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. "दुकानातून चिठ्ठी दिली असेल ना, काय बघून स्क्रू लावलाय त्याची?" त्यांनी मला विचारलं. शिस्तीची बाई. दुसऱ्याने लावलेल्या स्क्रूला कागद बघितल्याशिवाय हात लावणार नाही.

चिठ्ठी, म्हणजे त्या फॉर्मचीच प्रत, माझ्या जाकिटाच्या आतल्या खिशात होती. त्यावर माझी ती खूण होती. तीन वर्षं जिला शिकवलं तिला मी नवशिकी लिहिलं, हे त्या बाई वाचणार होत्या. "घरी राहिली," मी म्हणालो. "पण म्हाताऱ्याने अगदी तपासून दिलंय." सेन्सेईंनी स्क्रूड्रायव्हर परत खिशात ठेवला.

तिसऱ्या वेळी ती घसरत गेली आणि एका झाडाला अडकून थांबली. हनुवटी सोलवटलेली. सेन्सेई तिच्याशी काय बोलल्या मला ऐकू आलं नाही. तिने दोन्ही स्की काढल्या, पाठीवर बांधल्या आणि बुटांनीच चालायला लागली. पावलागणिक गुडघ्यापर्यंत रुतत होती. सेन्सेई तिच्या बाजूने हळूहळू उतरत होत्या. आणि मी? मी स्कीवरून पुढे गेलो आणि खाली जाऊन वाट बघत बसलो. वाटेत मीही पडलो. माझी घट्ट बाइंडिंग सुटली नाहीत आणि गुडघा पिळवटला. अजून दुखतो. दुखू दे मेला.

ती पोचायला दोन तास लागले. गाडीत ती एकदाच बोलली. "बर्फ चांगला होता हो आज."

मे महिन्यात आम्ही परत आलो. त्यानंतर तिने स्कीला हात लावला नाही. नातेवाइकांत जपानचा विषय निघाला की ती हसत सांगायची, "मला नाही बाई जमलं, हे उतरले मात्र झकास." मीही हसायचो. लाज वाटायची, पण तोंड उघडायचो नाही. अशी किती वर्षं काढली!

गेल्या हिवाळ्यात भाची तिच्या स्कीइंगचे फोटो घेऊन आली. "मामी, तू पण करायचीस ना?"

"छे गं," ही म्हणाली, "मी आपली नवशिकी."

तो शब्द मला सहन झाला नाही. भाची गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन सगळं ओकलो. चौकट, खूण, खिशातली चिठ्ठी. ती मटार सोलत होती. सोलायची थांबली नाही.

"खुणेचं माहीत आहे मला."

"म्हणजे?"

"अहो, मी शेजारीच उभी होते. तीन वर्षं बसच्या पाट्या वाचत हिंडले, मला तेवढ्या तीन चौकटी वाचता येत नव्हत्या?"

"मग तिथेच का नाही बोललीस? खोडायची होतीस!"

आता तिचे हात थांबले.

"मला वाटलं, मी तुम्हाला सांभाळून घ्यायचे तसं तीन वर्षं तुम्हीही मला घेत होतात," ती म्हणाली. "त्या दुकानात जाईपर्यंत मी समजत होते की मला चांगलं येतं."