बोडीचा बोअर, मोह्याचा बोअर

"डाटा बाहेर जाणार नाही," साहेबांनी फाइल माझ्याकडे परत सरकवली. "आधी आपला रिसर्च पेपर छापून येऊ दे. आत्ता दिला तर लोक चुका काढत बसतील."

बाहेर व्हरांड्यात सरपंच वच्छलाबाई बसल्या होत्या. दिघोरीच्या पुढचं एक लहान गाव त्यांचं. सकाळच्या बसने भंडाऱ्याला आल्या होत्या, आणि ही त्यांची तिसरी खेप होती.

मी भूवैज्ञानिक. जमिनीच्या पोटातल्या उष्णतेपासून ऊर्जा मिळेल का, हे आमचा प्रकल्प शोधत होता. त्यासाठी त्यांच्या गावात दोन खोल बोअर घेतले. एक बोडीजवळ, म्हणजे गावच्या लहान तळ्याजवळ. दुसरा मोहाच्या झाडाखाली. केबलला बांधून थर्मामीटर आत सोडायचा आणि किती खोलीवर किती तापमान, ते लिहायचं. पाण्याचे नमुने लॅबला पाठवायचे. काम संपलं की बोअर ग्रामपंचायतीचे.

खोलातलं कोमट पाणी कधीकधी खडकातलं फ्लोराइड घेऊन वर येतं. असं पाणी रोज प्यायलं तर आधी दात जातात, मग हाडं. दोनपैकी एका बोअरमध्ये ते निघालं होतं. आणि गावाला एका बोअरवर पिण्याच्या पाण्याचा पंप बसवायचा होता.

"मॅडम, साहेब तं तोंडानं सांगते, मोह्याचा बोर चांगला हाये," वच्छलाबाई म्हणाल्या. "मंग कागदावर द्याले काहून भेते?"

मला लाज वाटली, आणि रागही आला. जमीन त्यांची, ते पाणी पिणार त्यांची लेकरं, आणि आकडे आमच्या कपाटात.

आमच्या ऑफिसात माहिती अधिकाराचं टेबल कुणालाच नको होतं. म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं होतं. मी म्हटलं, "बाई, अर्ज लिहा. दोन्ही बोअरची सगळी माहिती मागा. माहिती अधिकारी मीच आहे."

आठवड्याच्या आत त्यांना सगळे तक्ते मिळाले. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"कुणाला विचारून दिलं?"

"कायद्याला."

"अपिलात मी हे रद्द करीन."

"अपील अर्जदारानं करायचं असतं, साहेब. त्यांना तर माहिती मिळाली."

पुढच्याच सोमवारी मी गावात गेले. ग्रामपंचायतीच्या फलकावर तक्ते लागले होते. त्यांत नुसतं 'बोअर एक', 'बोअर दोन'. गावात नंबर कोण ओळखतं? मी पेन काढलं आणि नकाशाप्रमाणे एकपुढे 'बोडीचा', दोनपुढे 'मोह्याचा' असं लिहिलं. जमलेल्या बायांना वाचून दाखवलं: बोडीच्या बोअरचं पाणी कोमट, त्यात फ्लोराइड जास्त. मोह्याचं चांगलं.

"बोडीचं पानी कोमट? कोन म्हनते?" एक म्हातारी बाई म्हणाली.

"मशीननं मोजलंय, आजी."

"मशीन गेली चुलीत. तुमी पानी उपसून बोर धुवून राहिले होते, तवा थंडीत आमी साऱ्या जनी धुनं घेऊन मोह्याच्या बोरावरच जात होतो. बोडीच्या बोराच्या पान्यानं हात आखडत होते."

बाकीच्या बायांनी माना डोलावल्या. मी ऑफिसात परतून ड्रिलिंगवाल्यांची वही काढली आणि नकाशाशी ताडून पाहिली.

चूक माझीच होती. नकाशावर मी बोडीच्या बोअरला एक नंबर दिला होता. ड्रिलिंगवाल्यांनी मोह्याचा बोअर आधी खोदला, म्हणून त्यांचा एक नंबर तो. थर्मामीटरच्या नोंदी आणि नमुन्यांच्या बाटल्या त्यांच्या नंबराने गेल्या, आणि आम्ही त्या माझ्या नकाशाला जोडल्या. पंप मोह्यावर बसायचा होता. म्हणजे नेमका विषावर.

मी नव्याने नमुने घेतले. या वेळी बाटल्यांवर नंबर नव्हते, बोडी आणि मोहा असंच लिहिलं होतं. लॅबने म्हातारीला खरं ठरवलं. पंप बोडीच्या बोअरवर बसला.

मला नोटीस आली. तीत दोन आरोप होते. एक, परवानगीशिवाय डाटा बाहेर दिला. दोन, दिलेला डाटा चुकीचा होता.

मी उत्तरात लिहिलं: दुसरा आरोप मान्य. पहिला गुन्हा केला नसता, तर दुसरा कुणाला कळलाच नसता.

साहेबांचं एक मात्र खरं निघालं. लोक चुका काढत बसतात.